कॅमेरा नसलेल्या रोबोला चेंडू दिसतो कसा? टीव्ही रिमोटच्या दिव्यावर चालणाऱ्या स्पर्धांची गोष्ट

टीव्हीचा रिमोट हातात घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि कोणतंही बटण दाबा. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही. पण मोबाइलच्या स्क्रीनवर रिमोटच्या टोकाला एक जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश अडवणारी काच बऱ्याचदा बसवलेली असते, म्हणून प्रयोग सेल्फी कॅमेऱ्यावर करायचा.

हा प्रकाश म्हणजे इन्फ्रारेड, मराठीत अवरक्त. डोळ्यांना न दिसणारा असाच प्रकाश वापरून जगभरातली शाळकरी मुलं अनेक वर्षं रोबोंचा फुटबॉल खेळवत आहेत. रोबोकप ज्युनियर या स्पर्धेत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन रोबो असतात. सामना सुरू झाला की कोणाच्याही हातात रिमोट नसतो. चेंडू कुठे आहे हे रोबोनं स्वतः शोधायचं. त्यासाठी चेंडूच्या पोटातच इन्फ्रारेड दिवे बसवलेले असतात. प्रेक्षकांना तो साधा चेंडू वाटतो, पण रोबोच्या लेखी तो मैदानात गडगडणारा दीपस्तंभ असतो.

रोबोला खुणेसाठी ठेवलेल्या अशा दिव्याला रोबोटिक्समध्ये ‘बीकन’ म्हणतात.

आता या बीकनची जागा कॅमेरा घेऊ लागला आहे. काही मोठ्या स्पर्धांनी इन्फ्रारेड बीकन केव्हाच सोडून दिला, तर काहींनी तो मुद्दाम टिकवून ठेवला. हा वाद परदेशातल्या स्पर्धांपुरता राहिलेला नाही. १ फेब्रुवारी २०२५ ला मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. या लॅबमध्ये मुलांच्या हाती आधी काय द्यायचं? तयार कॅमेरा, की काही रुपयांचा इन्फ्रारेड सेन्सर?

उत्तर शोधण्याआधी हा सेन्सर काम कसं करतो, ते समजून घ्यावं लागेल.

अडचण पहिली: सूर्य

इन्फ्रारेड दिवा शोधायचा तर इन्फ्रारेड ओळखणारा सेन्सर लावला की झालं, असं पहिल्यांदा वाटतं. प्रत्यक्षात तसं होत नाही. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण निम्मी इन्फ्रारेड असते. जुन्या पिवळ्या बल्बला दिलेल्या विजेतला मोठा वाटाही इन्फ्रारेड आणि उष्णतेतच जातो. स्पर्धेच्या हॉलमध्ये एखादी खिडकी उघडी असेल किंवा छताला हॅलोजनचे मोठे दिवे असतील, तर चेंडूतला इवलासा दिवा त्या उजेडात बुडून जातो.

सुरुवातीच्या काळात चेंडूतला दिवा सतत जळता असे. त्यामुळे खिडकीतून आलेल्या उन्हालाच चेंडू समजून रोबो तिकडे धावत सुटण्याचा धोका होता.

यावर पहिला उपाय रंगाचा. असे बहुतेक दिवे ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतात. हवेतली वाफ सूर्यप्रकाशातला नेमका या भागातला बराच प्रकाश शोषून घेते, त्यामुळे इथे सूर्याचा त्रास थोडा कमी होतो. रिमोटचा प्रकाश टिपणारा सेन्सर काळ्या रंगाचा दिसतो, त्याचं कारणही हेच. ते काळं प्लास्टिक साधा उजेड अडवतं आणि इन्फ्रारेडला आत जाऊ देतं.

पण एवढ्यानं भागत नाही. खरी युक्ती आहे लुकलुकण्यात.

एसटीची घंटी आणि ४० किलोहर्ट्झ

एसटीच्या गाडीत प्रवाशांचा गलका चालू असतो, इंजिन धडधडत असतं, खिडक्या खडखडत असतात. तरी कंडक्टरनं दोरी ओढली की ड्रायव्हरला बरोबर कळतं. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. घंटी सगळ्यात मोठा आवाज करते म्हणून हे होत नाही. ड्रायव्हरचा कान ठरावीक ठोक्याची वाट पाहत असतो, म्हणून ती कळते.

इन्फ्रारेड बीकनही हेच करतो. तो सतत जळत नाही, ठरावीक वेगानं उघडझाप करतो. सूर्य असा लुकलुकत नाही. भारतातले विजेचे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, कारण इथली वीज ५० हर्ट्झची आहे. रोबोकप ज्युनियरच्या चेंडूतला दिवा मात्र सेकंदाला ४०,००० वेळा, म्हणजे ४० किलोहर्ट्झनं उघडझाप करतो. सेन्सरमधलं सर्किट या वेगाचा प्रकाश तेवढा उचलतं आणि बाकीचा सोडून देतं.

टीव्हीचा रिमोट याच तत्त्वावर चालतो, फक्त त्यात वेग साधारण ३८ किलोहर्ट्झ असतो. म्हणूनच या स्पर्धांमध्ये टीव्हीच्या पोटात असतो तसाच सेन्सर चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात ‘टीसॉप’ मागितला की तीन पायांचा काळा मणी पुढ्यात येतो. किंमत साधारण एका वडापावची. ३८ किलोहर्ट्झसाठी बनवलेला सेन्सर ४० किलोहर्ट्झही ओळखतो, फक्त थोडा कमी ताकदीनं. त्यामुळे नेमक्या वेगाचा सेन्सर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी शिकण्याचं काम अडत नाही.

‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलणारा सेन्सर अंतर कसं सांगतो?

इथे एक पेच आहे. हा स्वस्त सेन्सर टीव्हीसाठी बनलेला. बटण दाबलं की नाही, एवढंच टीव्हीला कळायला हवं असतं. म्हणून सेन्सर फक्त ‘हो, सिग्नल आहे’ किंवा ‘नाही’ असं उत्तर देतो. सिग्नल किती जोरदार आहे, हे तो सांगत नाही. रोबोला मात्र चेंडू जवळ आहे की लांब, हे कळायलाच हवं.

चेंडू बनवताना यावर सुंदर तोडगा काढलेला आहे. चेंडू ४० किलोहर्ट्झच्या उघडझापीचे छोटे झटके सोडतो आणि त्या झटक्यांची ताकद पायऱ्यापायऱ्यांनी उतरवत नेतो. आधी पूर्ण ताकद, मग पाव, मग सोळावा हिस्सा आणि शेवटी चौसष्टावा हिस्सा. त्यानंतर थोडी शांतता. हे चक्र सेकंदाला सुमारे १,२०० वेळा होतं.

आता रोबो लांब उभा आहे असं समजा. त्याच्या सेन्सरला फक्त पूर्ण ताकदीचे झटके ऐकू येतात. तो क्षणभर ‘हो’ म्हणतो आणि गप्प होतो. रोबो थोडा जवळ आला की पाव ताकदीचे झटकेही पोहोचतात आणि ‘हो’ जास्त वेळ टिकतो. अगदी चेंडूला खेटला, की चौसष्टाव्या हिश्शाचा मंद प्रकाशही कळतो आणि ‘हो’ सगळ्यात लांबतो. म्हणजे सेन्सरनं किती वेळ ‘हो’ म्हटलं एवढं मोजलं, की अंतराचा अंदाज आला.

पाव, मग त्याचा पाव, मग त्याचाही पाव, हा हिशोबही उगाच नाही. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की प्रकाश पावपट होतो, हा नियम शाळेच्या पुस्तकातही असतो. समजा पूर्ण ताकदीचा झटका ४ मीटरपर्यंत ऐकू येतो. मग पाव ताकदीचा २ मीटरपर्यंत, सोळाव्या हिश्शाचा १ मीटरपर्यंत आणि चौसष्टाव्या हिश्शाचा अर्ध्या मीटरपर्यंत. प्रत्येक पायरीला अंतर बरोबर निम्मं. वडापावच्या किमतीच्या सेन्सरकडून अंतर काढून घेणारी ही युक्ती आहे, आणि ती समजायला आठवी-नववीचं गणित पुरतं.

दिशा कशी कळते?

एक सेन्सर दिशा सांगू शकत नाही. म्हणून रोबोच्या भोवती सेन्सरचं कडं बसवतात. कोणी आठ लावतं, कोणी सोळा, कोणी त्याहून जास्त. सगळ्यात जोरदार उत्तर देणारा सेन्सर ज्या बाजूला, त्या बाजूला चेंडू, हा झाला ढोबळ हिशोब.

त्याहून बारीक हिशोबही करता येतो. समजा आठ सेन्सर ४५-४५ अंशांवर आहेत. समोरचा ६० दाखवतोय, समोर-उजवीकडचा ८० आणि उजवीकडचा २०. बाकीचे शून्य. ढोबळ उत्तर ‘४५ अंश उजवीकडे’ असं येईल. पण प्रत्येक आकडा त्या-त्या दिशेचा बाण मानून सगळे बाण जोडले, तर पुढच्या दिशेला सुमारे ११७ आणि उजवीकडे सुमारे ७७ एवढी बेरीज होते. त्यावरून कोन निघतो सुमारे ३३ अंश. आठच सेन्सर असूनही रोबोला ४५ अंशांच्या घराच्या आतली दिशा कळते. साइन-कोसाइन कशाला शिकायचं, असं विचारणाऱ्या मुलाला हे उदाहरण दाखवता येईल.

चेंडू दिसला म्हणून सरळ त्याच्याकडे धावूनही चालत नाही. चेंडू रोबो आणि त्याच्याच गोलच्या मध्ये असेल, तर सरळ धावणारा रोबो स्वतःवरच गोल करून बसेल. त्यामुळे चांगले संघ रोबोला चेंडूला वळसा घालून मागे जायला शिकवतात. त्यासाठी दिशा आणि अंतर दोन्ही लागतात, आणि दोन्ही त्या लुकलुकण्यातूनच येतात.

दिवा फक्त चेंडूत नसतो

अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फर्स्ट’ या संस्थेच्या मोठ्या रोबोटिक्स स्पर्धेत २००४ साली इन्फ्रारेड बीकन होते. त्यांच्याच ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या स्पर्धेत २०१२-१३ पासून सलग तीन हंगाम बीकन वापरले गेले. पहिल्या ३० सेकंदांत रोबोनं माणसाच्या मदतीशिवाय काम करायचं असे आणि बीकन कोणत्या जागी आहे हे आधी माहीत नसे. जागा रोबोनं शोधायची आणि तिथे काम केलं तर जास्तीचे गुण.

त्या काळात ‘हायटेक्निक’चा ‘आयआर सीकर’ हा सेन्सर या संघांच्या ओळखीचा होता. त्याच्या आत पाच डिटेक्टर असत आणि तो सुमारे २४० अंशांचा परिसर पाहू शकत असे. उत्तर १ ते ९ या आकड्यांत मिळे. ५ म्हणजे बरोबर समोर, त्याहून कमी म्हणजे डावीकडे, जास्त म्हणजे उजवीकडे, आणि ० म्हणजे काहीच दिसत नाही.

नवखे संघ इथेच फसत. ‘५ आला की थांब’ असा प्रोग्राम लिहिला, तर रोबो बीकनच्या बराच आधी थांबू शकतो. कारण ५ म्हणजे एक रेघ नव्हे, तो समोरचा एक रुंद पट्टा असतो. उपाय म्हणजे ५ आल्यावरही पुढे जात राहायचं, सिग्नलची ताकद मोजत राहायची आणि ती वाढायची थांबून उतरायला लागली की थांबायचं.

लेगोच्या ‘माइंडस्टॉर्म्स ईव्ही३’ या २०१३ च्या संचासाठीही बीकन होता. तो सुमारे दोन मीटरपर्यंत ओळखता येई आणि एकमेकांत गोंधळ होऊ नये म्हणून त्यावर चार चॅनेल होते.

युरोपातल्या ‘युरोबॉट’ स्पर्धेत तर वेगळीच गंमत आहे. प्रत्येक रोबोच्या डोक्यावर एक छोटी सपाट जागा ठेवावी लागते आणि तिच्यावर प्रतिस्पर्धी संघ आपला बीकन बसवू शकतो. म्हणजे समोरचा रोबो कुठे आहे हे कळावं म्हणून त्याच्याच डोक्यावर आपला दिवा. याशिवाय टेबलाच्या कडेला ठरलेल्या जागी बीकन ठेवता येतात. दोन-तीन ठिकाणच्या बीकनचे कोन मोजून रोबो स्वतःची जागा काढतो. किनाऱ्यावरच्या खुणा बघून होडी कुठे आहे हे ओळखावं, तसा हा प्रकार.

महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना इन्फ्रारेड नवा नाही. २००८ साली ‘एबीयू रोबोकॉन’ ही आशियाई स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषय चक्क दहीहंडीवर बेतलेला होता. रोबोकॉनच्या मैदानांवर तेव्हा पांढऱ्या रेषा असत आणि रोबो बऱ्याचदा इन्फ्रारेड सेन्सरच्या मदतीनं त्या रेषा धरून चालत. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमातल्या ‘फायरबर्ड’ रोबोलाही असे सेन्सर आहेत. फरक इतकाच, की तिथे रोबो स्वतःच प्रकाश टाकतो आणि परत आलेला प्रकाश बघतो. बीकनमध्ये दिवा दुसरीकडे असतो आणि रोबोनं तो शोधायचा असतो. हे जास्त अवघड.

मैदानावर काय काय बिघडतं?

घरच्या टेबलावर उत्तम चालणारा रोबो स्पर्धेच्या दिवशी भिरभिरायला लागतो, हा बहुतेक संघांचा अनुभव. कारणं ठरलेली असतात.

पहिलं कारण परावर्तन. चेंडूचा प्रकाश मैदानाच्या कडेवर आणि दुसऱ्या रोबोच्या चकचकीत अंगावर आपटून परत येतो, आणि रोबोला एकाऐवजी दोन चेंडू ‘दिसतात’. म्हणूनच रोबोकप ज्युनियरच्या फुटबॉलच्या नियमांत रोबोच्या बाहेरच्या बाजूला इन्फ्रारेड परावर्तित करणारं साहित्य वापरायला मनाई आहे आणि रंग द्यायचा तर तो मॅट असावा लागतो.

दुसरं कारण इतरांचे दिवे. अंतर मोजणारे अनेक सेन्सर स्वतः इन्फ्रारेड फेकतात. असा सेन्सर लावलेला रोबो समोरच्याला आंधळा करू शकतो, हेतू नसतानाही. काही मोबाइलमध्येही अंतर मोजण्यासाठी इन्फ्रारेड वापरतात. मैदानाला खेटून व्हिडिओ काढणाऱ्या पालकांनी हे लक्षात ठेवायला हवं.

तिसरं कारण हॉलचे दिवे. काही ट्यूबलाइट इलेक्ट्रॉनिक चोकवर चालतात आणि त्यांचा प्रकाश सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. हा वेग सेन्सरच्या वेगाजवळ गेला की गोंधळ होतो. पांढऱ्या एलईडी दिव्यांतून इन्फ्रारेड जवळजवळ निघतच नाही, त्यामुळे नव्या हॉलमध्ये हा त्रास कमी.

चौथं कारण सेन्सरची मांडणी. प्रत्येक सेन्सर खूप रुंद कोनातून प्रकाश घेतो. आडोसा नसेल तर शेजारचे चार सेन्सर एकदमच ‘हो’ म्हणतात. म्हणून संघ प्रत्येक सेन्सरभोवती काळी नळी किंवा मधे पडदी लावतात. त्यासाठी काळा कार्डपेपर आणि टेपही पुरते. पण कार्डपेपर इन्फ्रारेड खरोखर अडवतो का, हे तपासून घ्यावं लागतं. डोळ्यांना काळ्या दिसणाऱ्या काही वस्तू इन्फ्रारेड आरपार जाऊ देतात. सेन्सरचं काळं प्लास्टिक हे त्याचंच उदाहरण.

या सगळ्यावर इलाज एकच. स्पर्धेच्या हॉलमध्ये लवकर पोहोचायचं, चेंडू वेगवेगळ्या अंतरांवर ठेवायचा आणि प्रत्येक सेन्सरचा आकडा वहीत लिहायचा.

मग कॅमेरा का आला?

कॅमेऱ्याची बाजूही तितकीच भक्कम आहे. इन्फ्रारेड बीकन फक्त ‘मी इकडे आहे’ एवढंच सांगतो. मैदानावर दहा वस्तू असतील आणि त्यातली नेमकी एक ओळखायची असेल, तर त्याचा उपयोग मर्यादित. कॅमेरा एकाच चित्रात चेंडू, गोल, रेषा आणि प्रतिस्पर्धी सगळं बघतो. बीकनला बॅटरी लागते, ती सामन्याच्या मधेच उतरू शकते. कॅमेऱ्यासाठीची खूण कागदावर छापून चिकटवली की काम झालं.

‘एप्रिलटॅग’ या खुणेनं हे आणखी सोपं केलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तयार झालेली ही काळ्यापांढऱ्या चौकटींची खूण दिसायला क्यूआर कोडची धाकटी बहीण वाटते. कॅमेऱ्यानं ती एकदा पाहिली, की ती कोणत्या क्रमांकाची आहे, किती लांब आहे आणि कोणत्या कोनात आहे, हे तिन्ही कळतं. फर्स्टच्या मोठ्या स्पर्धेत २०२३ पासून मैदानावर एप्रिलटॅग आहेत.

फर्स्ट टेक चॅलेंजमधल्या बदलाची वेळही पाहण्यासारखी आहे. २०१५-१६ च्या हंगामात रोबोच्या मेंदूची जागा अँड्रॉइड फोननं घेतली. फोन आला म्हणजे कॅमेरा आपोआप आला. त्याआधीच्या हंगामात तिथे इन्फ्रारेड बीकन होता, त्यानंतर स्पर्धा रंग ओळखणं, चित्रं ओळखणं आणि पुढे एप्रिलटॅग या वाटेनं गेली. लेगोनंही २०२२ च्या अखेरीस माइंडस्टॉर्म्सची विक्री थांबवली. त्यांच्या शाळांसाठीच्या ‘स्पाइक प्राइम’ संचात रंग, अंतर आणि दाब ओळखणारे सेन्सर आहेत, इन्फ्रारेड बीकन नाही.

रोबोकप ज्युनियरनं मात्र दोन्ही वाटा चालू ठेवल्या. तिथे फुटबॉलच्या एका गटात दिवे नसलेला नारंगी चेंडू असतो, तो कॅमेऱ्यानं शोधायचा. दुसऱ्या गटात इन्फ्रारेड चेंडू कायम आहे. तयारीच्या संघांना पुढची पायरी मिळते आणि नव्या संघांसाठी दार उघडं राहतं.

कॅमेऱ्यालाही त्रास चुकत नाही, हेही खरं. प्रेक्षकांत कोणी नारंगी टी-शर्ट घालून बसलं की रोबोचं लक्ष तिकडे जाऊ शकतं. साधा कॅमेरा सेकंदाला ३० ते ६० चित्रं घेतो आणि ती वाचायला छोटा संगणक लागतो. इन्फ्रारेड चेंडू सेकंदाला १,२०० वेळा आपला पत्ता सांगतो, आणि तो ऐकायला अगदी साधी चिप पुरते.

स्पर्धा संपली तरी तंत्र संपलेलं नाही

इन्फ्रारेड बीकन जुनाट झाला असं कोणाला वाटत असेल, तर घरातल्या फरशी पुसणाऱ्या रोबोकडे पाहावं. ‘रूम्बा’च्या चार्जिंग स्टेशनमधून इन्फ्रारेडचे वेगवेगळे झोत निघतात. कंपनीच्या तांत्रिक माहितीपुस्तिकेत दोघांना ‘लाल बॉय’ आणि ‘हिरवा बॉय’ अशी नावं आहेत. ‘बॉय’ म्हणजे बंदरात वाट दाखवणारा तरंगता पिंप. प्रत्यक्षात दोन्ही झोत न दिसणारेच, फक्त दोघांचा संदेश वेगळा. रोबोला एकच झोत ऐकू आला तर तो एका बाजूला सरकलेला आहे. दोन्ही ऐकू आले तर मधोमध आहे, सरळ गेला की चार्जरवर पोहोचतो. ड्रोन नेमक्या जागी उतरवण्यासाठीही लुकलुकणारे इन्फ्रारेड बीकन वापरले जातात.

मुद्दा शेवटी कोणाला खेळता येतं याचा

अटल टिंकरिंग लॅबची योजना नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची. देशात आज अशा सुमारे १०,००० लॅब आहेत. एका लॅबला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकतं, पण त्यातला मोठा भाग पाच वर्षं लॅब चालवण्यासाठीचा असतो. सेन्सर, मायक्रोकंट्रोलर बोर्ड, थ्रीडी प्रिंटर असं सामान येतं. पैसे येतात, सामान येतं. प्रश्न उरतो, मुलं त्याच्यासोबत काय करतात?

कॅमेरा आणि तयार सॉफ्टवेअर जोडलं तर रोबो पहिल्याच आठवड्यात चेंडू ओळखू शकतो. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवायला ते छान. पण तो का ओळखतो, हे विचारलं तर उत्तर सॉफ्टवेअरच्या पोटात असतं. शिवाय कॅमेरा आणि त्याचा संगणक मिळून सहज काही हजार रुपये होतात, आणि तो बिघडला की पुढचं सामान येईपर्यंत कपाटाला कुलूप.

इन्फ्रारेडचा रस्ता हळू आहे. पहिल्या दिवशी रोबो ट्यूबलाइटकडे धावतो. मग मुलांना शोधावं लागतं, का? प्रकाश न दिसता असू शकतो, अंतर दुप्पट झालं की तो पावपट होतो, गोंगाटातून हवा तो सिग्नल वेचून काढता येतो, हे सगळं त्या ‘का’च्या वाटेवर भेटतं. सेन्सर जळला तर दुसरा आणायला कोणाची मंजुरी लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या शाळेला आणि मोठ्या शहरातल्या महागड्या शाळेला इथे जवळपास सारखाच सेन्सर मिळतो. हाच सिग्नल वेचण्याचा विचार पुढे रेडिओ, मोबाइल नेटवर्क आणि रडारमध्येही भेटतो.

याचा अर्थ मुलांना कॅमेऱ्यापासून लांब ठेवा असा नाही. आजचे उद्योग कॅमेऱ्यावर चालतात आणि मोठ्या स्पर्धाही तिकडेच गेल्या आहेत. दहावीपर्यंत कॅमेऱ्याला हातच न लावलेलं मूल पुढे मागे पडेल. पण क्रम महत्त्वाचा. रोबोकप ज्युनियरनं दोन गट ठेवून जे साधलं, ते शाळेच्या लॅबलाही साधता येतं. पहिल्या वर्षी लुकलुकणारा दिवा आणि तीन पायांचा काळा मणी, त्यानंतर कॅमेरा.

त्यामुळे आपल्या मुलाच्या शाळेत रोबोटिक्स लॅब सुरू झाली, तर पालकांनी फक्त ‘रोबो चालतो का’ एवढंच विचारून थांबू नये. लॅबचे दिवे चालू-बंद केल्यावर सेन्सरचा आकडा किती बदलतो, हे मुलांनी मोजलं का, आणि ते वहीत लिहिलं का, तेही विचारावं. वहीत आकडे असतील तर लॅब नीट चालली आहे असं समजायला हरकत नाही.